शुक्रवारी सिनेमा बदलतो

पडद्यावर आता देवाची मूर्ती येणार म्हणून आईनं अंधारातच हात जोडले, आणि विहिरीच्या काठावर एक हात आला. नुसता हात. कोपरापर्यंत हिरवा चुडा, बोटभर लांब नखं, आणि चुड्यातून पाणी ठिबकतंय.

"अगं बाई, हे काय?" आई जोडलेल्या हातांनीच म्हणाली.

खालच्या थर्ड क्लासातून शिट्ट्या सुरू झाल्या. हातामागोमाग ओले केस वर आले, केसांमागून तोंड आलं, आणि ते तोंड पाठीच्या बाजूला होतं. मग ढोल बडवल्यासारखा आवाज झाला आणि लालभडक अक्षरं आली, 'काली बावडी की दुल्हन'.

मी पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. किंचाळू नये म्हणून नव्हे, हसू नये म्हणून.

भीती वाटली की कुणी ओरडतं, कुणी रामरक्षा म्हणतं. मला हसू येतं. लहानपणी आमच्या न्हाणीत साप निघाला तेव्हा मी ओट्यावर लोळून हसत होते आणि आप्पांनी साप सोडून आधी मला धरलं होतं. लग्नाच्या वयात याच हसण्यानं माझे दिवे लावले. पहिल्या स्थळाच्या वेळी मुलाच्या चुलत्यांनी घोगऱ्या आवाजात "नाव काय मुली?" असं विचारलं आणि मी फिस्सकन हसले. 'मुलगी जरा वेडसर दिसते' असा निरोप आला. दुसऱ्या वेळी तर कुणी काही विचारलंही नव्हतं, मुलाच्या आजोबांनी नुसतं रोखून बघितलं होतं.

"ही तिसरी खेप," आप्पांनी निघताना बजावलं होतं. "इथं हसलीस तर उद्याच लेंगऱ्याला होकार कळवतो."

लेंगऱ्याला एक बिजवर कंत्राटदार होते. वय चाळीस, मुलं दोन, आणि थोरली मुलगी माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. मी बावीस वर्षांची होते.

सिनेमाची टूम बाजीरावमामाची. आम्ही तासगावचे, आप्पा जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. मुलाकडची पिसाळ मंडळी कराडची. "घरी कार्यक्रम केला की नकार आल्यावर गल्लीभर बोभाटा होतो," मामा म्हणाला. "त्यापेक्षा मध्ये इस्लामपूरला सिनेमा बघू. ते सहज आले, आपण सहज आलो, सहज शेजारी बसलो. जमलं तर जमलं." त्या काळी असे पुष्कळ कार्यक्रम व्हायचे. मामा बुधवारी इस्लामपूरला जाऊन आला, टॉकीजच्या भिंतीवर संतांचा सिनेमा बघून आला, आणि ओळखीच्या मॅनेजरला सांगून शुक्रवारी तीनच्या खेळाच्या बाल्कनीतल्या सात खुर्च्या धरून आला. आम्हाला म्हणाला, "माणसं धार्मिक आहेत. हा सिनेमा त्यांनीच सुचवला."

शुक्रवारी सिनेमा बदलतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण मामानं जन्मात दोन सिनेमे पाहिलेले. आमची एसटी उशिरा पोचली, भिंतीवरचं पोस्टर अजून जुनंच होतं, आणि मामानं आम्हाला बाजूच्या जिन्यानं जवळजवळ ढकलतच वर नेलं. पिसाळ मंडळी आधीच येऊन बसली होती. नमस्कार होईपर्यंत दिवे गेले.

बसलो ते रीतीप्रमाणे. भिंतीकडून आप्पा, मग मुलाचे वडील रामराव जमादार, पोलिसातून नुकतेच निवृत्त झालेले, मग मामा, मग मुलगा जयवंत, मग त्याची आई ताराबाई, मग मी, आणि शेवटी माझी आई, चिमटा काढायला. जयवंत पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होता. माझ्या जागेवरून मला त्याचा एक गुडघा दिसत होता. पँटीला इस्त्री बरी होती, एवढीच त्याची माहिती मला मिळाली.

माझं सगळं लक्ष ताराबाईंकडं होतं. या बाईंनी मुलासाठी नऊ मुली नापसंत केल्या होत्या. एकीची वेणी सोडून केस खरे आहेत का ते पाहिलं होतं, एकीला सुपात ज्वारी घालून पाखडायला बसवलं होतं. उंच, काळ्यासावळ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी नमस्कार केला तेव्हा त्यांनी नुसता हुंकार भरला होता.

आणि आता या बाईंच्या शेजारी बसून मी जो सिनेमा बघत होते त्यातली भुताळी नवरी काय करत होती? लग्न करून घरात शिरत होती आणि सासवांना विहिरीत ओढत होती. नवऱ्यांना हात लावत नव्हती, सासऱ्यांकडं बघत नव्हती. फक्त सासवा.

पहिली सासू गेली तेव्हा आप्पांनी लांबून खाकरून खाकरून घसा कोरडा केला. उठायचं कुणी? सिनेमा त्यांनी सुचवलेला. उठलो तर त्यांच्या आवडीचा अपमान.

दुसऱ्या सासूनं स्वयंपाकघरात हंड्यावरचं झाकण काढलं, आणि हंड्यात ती नवरी मुटकुळं करून बसलेली! माझं पोट गदगदायला लागलं. त्याच क्षणी माझ्या हातावर ताराबाईंचा हात पडला.

झालं, मी मनात म्हटलं, तपासणी सुरू झाली. मुलीचा हात कामाचा आहे की नुसता मिरवायचा, हे चाचपून बघायची पद्धतच होती. मी शहाण्यासारखा तळवा उघडून दिला. म्हटलं, बघा, भाकरी थापून थापून घट्टे पडलेत, बघून घ्या. पण त्यांनी घट्टे बघितले नाहीत. हात धरला तो धरलाच. पडद्यावर सासू झाकण टाकून पळाली तसा आणखी आवळला. नवरी भिंतीवरून पालीसारखी चढली तेव्हा माझ्या दोन बांगड्या कचकन पिचल्या.

"हसलीस?" आईनं दंडाला चिमटा काढत विचारलं.

मी मानेनंच नाही म्हटलं. एका बाजूला चिमटा, दुसऱ्या बाजूला बांगड्यांच्या काचा, आणि मध्ये मी, पदर चावत गदगदा हलतेय.

मध्यंतर झालं. दिवे लागले तसे सगळे पुरुष चटकन उभे राहिले. जयवंत तर दिवे लागायच्या आधीच कुठंतरी गेला होता.

"चांगला आहे सिनेमा," आप्पा म्हणाले. चेहरा कडू काढा घेतल्यासारखा.

"व्हय, बरा हाय," रामराव मिशीवर हात फिरवत म्हणाले. मिशी जरा थरथरत होती. "आपली आवड दिसतीया अशा सिनेमांची."

"छे छे, आवड आपलीच. आम्ही आपला मान राखायचा."

"मान तर आमी राखतोय, कंपाउंडरसाहेब."

दोघांनी एकदम मामाकडं बघितलं.

"चहा! चहा घेऊ या, चहा!" मामा दोघांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना बाहेर घेऊन गेला. आई तोंडावर पाणी मारायला उठली आणि जाताना मला असे डोळे वटारून गेली की मी पडद्यावरच्या नवरीला तिच्यापेक्षा बरी म्हटलं असतं.

बाल्कनीत आम्ही दोघीच राहिलो. ताराबाईंनी माझा हात अजून सोडला नव्हता.

"हसत हुतीस न्हवं?" त्या समोर बघतच म्हणाल्या.

"नाही... खोकला..."

"खोटं बोलू नगंस. तुझा हात माझ्या हातात हुता. हात हसत हुता तुझा."

संपलं सगळं, मी म्हटलं. आता लपवण्यात काय अर्थ! मी एका दमात सांगून टाकलं. "मला भीती वाटली की हसू येतं. मी मुद्दाम नाही हसत. याच्यापायी दोन स्थळं मोडली. तुम्ही नकार द्या, काय वाटेल ते कारण सांगा, माझा रंग काढा, पण हसण्याचं तेवढं आप्पांना सांगू नका. ते मला लेंगऱ्याच्या बिजवराला देतील."

त्यांनी मागं वळून बघितलं. बाल्कनीत कुणी नव्हतं. मग त्या माझ्याकडं झुकल्या.

"न्हाई सांगत. पर तूबी कुनाला सांगू नगंस."

"काय?"

"ह्येच. म्या घाबरलीया त्ये."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण त्यांच्या कपाळावरचं कुंकू घामानं ओघळून नाकापर्यंत आलं होतं.

"सव्वीस वर्सं पोलीस लायनीत काढली," त्या भराभरा बोलायला लागल्या. "ह्यांची कायम रातपाळी. पोरास्नी घेऊन एकलीच निजायची म्या, उशाला कोयता घेऊन. लोकं म्हनायची, तारा वाघीन हाय वाघीन! डोंबलाची वाघीन. मांजरानं भांडं पाडलं तर माझंच पानी पानी व्हायचं. पर सांगनार कुनाला? जमादाराची बायकू आन् भेकड? हसं न्हाई का व्हनार?"

"मग आपण बाहेर जाऊ या की. मला बरं नाही म्हणून सांगते मी."

"नगं. नऊ पोरी नापसंत करनारी बाई भुताला भिऊन उठली म्हनतील." मग त्यांनी माझा हात जवळ ओढला. "एक सांगू? तुझा हात हसाय लागला की माझा जीव भांड्यात पडतुया. वाटतंय, हिला हसू येतंय म्हंजी त्ये काय खरं न्हाई. आता म्होरं लई भ्या दावतील. तू हस. दाबू नगंस."

"मोठ्यानं हसले तर आप्पा ऐकतील."

"दाब मग," त्या म्हणाल्या आणि पुन्हा समोर बघायला लागल्या. पण हात काही सोडला नाही.

घंटा झाली, माणसं परत आली. जयवंतची खुर्ची रिकामीच राहिली.

पुढचा सिनेमा म्हणजे विचारू नका. आजकाल माझी नातवंडं मोबाईलवर देशोदेशीचे भुताचे सिनेमे लावून मला घाबरवायला बघतात. त्यात रक्त बादल्यांनी असतं. पण त्या दिवशी त्या सिनेमात एक जातं होतं, त्याच्या जवळपासही कुणी पोचलेलं मला दिसलं नाही. पहाटेच्या अंधारात तिसरी सासू दळायला बसते. एकटीच. ओवी म्हणत जातं ओढतेय, ओढतेय, आणि हळूहळू जातं हलकं लागायला लागतं. ती खूश होते, म्हणते, सून उठली वाटतं, हात लावतेय. ओवी संपवून ती खाली बघते. खुंट्यावर तिच्या हाताच्या वर दुसरा हात. कोपरापर्यंत हिरवा चुडा. आणि जात्याच्या पलीकडं कुणीच नाही.

थर्ड क्लासातली शिट्टी मारणारी पोरंही गप झाली. सगळ्या टॉकीजात फक्त जात्याची घरघर. ताराबाईंचा हात बर्फ झाला. त्यांचा श्वास आत गेला तो बाहेरच येईना. घशात काहीतरी घुटमळत राहिलं, नुसतं "अं... अं..." मला वाटलं, ही बाई इथंच जाते आता.

माझं हसू ओठापर्यंत आलं होतं. पदर तोंडात होता. डोळ्यासमोर लेंगरे दिसत होतं, तो कंत्राटदार, माझी धाकटी बहीण शोभेल अशी त्याची मुलगी. दाबलं असतं तर दाबता आलं असतं, आजवर कधी नव्हे ते त्या दिवशी जमलंही असतं. शेजारी त्या बाईंचा श्वास अडकलेला.

मी पदर काढला आणि हसले.

माझं हसू काही लाजरंबुजरं नाही. म्हैस आडवी आल्यावर एसटीचा ब्रेक लागावा तसं ते सुरू होतं आणि मग थांबायचं नाव घेत नाही. त्या शांततेत ते साऱ्या टॉकीजभर घुमलं. खालून कुणीतरी घाबरून ओरडलं, "आयला, वर खरंच दुल्हन आली!" आणि थर्ड क्लास फुटला. हजारभर माणसं खोखो हसायला लागली. बिचारी नवरी पडद्यावर जिवाच्या आकांतानं केस झटकत होती, तिच्याकडं कोण बघतो!

आईनं एक चिमटा काढला, दुसरा काढला, मग तिलाच हसू फुटलं. आणि माझ्या डाव्या बाजूनं एक आवाज आला. आधी हंडा बुडबुडावा तसा, मग मोठा, मोकळा, पोटातून आलेला. ताराबाई हसत होत्या. डोळे मिटून, मान मागं टाकून.

"कोन बाई हसतीया ही?" पलीकडून रामरावांचा जरबेचा आवाज आला.

"जमादार, तुमच्याच मंडळी आहेत," मामा म्हणाला.

"काय तरी काय! आमच्या मंडळी हसत न्हाईत."

हे ऐकून तर ताराबाई खुर्चीवरून घसरायच्याच बाकी राहिल्या.

सिनेमा संपला. माझंही हसू संपलं. टॉकीजसमोरच्या हॉटेलात सगळे बसलो तेव्हा आप्पांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आईला म्हणाले, हळू, पण मला ऐकू येईल असं, "उद्या लेंगऱ्याला माणूस पाठवतो." मी भज्यांच्या बशीकडं बघत बसले. डोळे भरून आले होते आणि आता हसू कुठं गेलं होतं कुणास ठाऊक.

आप्पा उभे राहिले, हात जोडले. "जमादारसाहेब, माफ करा. मुलीचं वागणं आपण पाहिलंत. आमचं नशीब."

"पोरीचं ऱ्हाऊ द्या हो!" रामरावांचा तीन तास दाबलेला स्फोट झाला. "सासवांस्नी खानारी नवरी दावायला बोलावताय आमाला? पोरगी दावायच्या दिवशी? ही कुठली पद्धत?"

"आम्ही? सिनेमा तुम्ही सुचवलात!"

"आमी? आमाला सांगितलं, कंपाउंडरसाहेबांची लई इच्छा हाय!"

दोघं मामाकडं वळले. मामाच्या तोंडात अख्खं भजं होतं. ते गिळायला त्यानं जमेल तेवढा वेळ लावला.

"दोन्हीकडं सांगितलं की समोरच्यांनी सुचवलाय," तो शेवटी म्हणाला. "म्हटलं, दोघांनाही आपला मान राखला असं वाटेल. आणि बुधवारी संतच होते हो भिंतीवर! शपथ घेऊन सांगतो!"

"शुक्रवारी सिनेमा बदलतो, पाव्हणं," गल्ल्यावरचा माणूस न विचारता बोलला.

मग ताराबाईंनी पदरानं तोंड पुसलं. ओघळलेलं कुंकू गालभर पसरलं.

"पोरगी मला पसंत हाय," त्या म्हणाल्या.

"अगं, पर ती..." रामराव चाचरले.

"हसती. ऐकलंय म्या." एवढ्यावर त्यांनी तो विषय मिटवला, आणि अंधारात काय झालं होतं ते मेले तरी सांगणार नाही, असं माझ्याकडं बघून डोळ्यांनीच सांगितलं. "जयवंता कुठाय? त्याला इचारा."

जयवंत पानाच्या दुकानाकडून रस्ता ओलांडून माझ्या पाठीमागून येतच होता. मध्यंतरापासून तिथंच उभा होता म्हणे. हॉटेलच्या दारात येऊन त्यानं विचारलं, "संपला का?"

"संपला. पोरगी पसंत हाय का तुला?" रामरावांनी विचारलं.

त्यानं आवाज खाली आणला. "ही... बसली व्हती शेवटपर्यंत?"

"बसली व्हती."

"मग आपन काय बोलनार?" तो म्हणाला.

रामराव हसले. आप्पांनी सुटकेचा श्वास टाकला आणि मला नमस्काराची खूण केली. मी उठले. पण ताराबाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"पोरी, तुझं काय?"

आप्पा म्हणाले, "तिचं काय विचारायचंय? तिच्या मनाविरुद्ध का आम्ही..."

"तिलाच इचारतीया म्या. लाजू नगंस. पसंत आसंल तर हो म्हन, न्हाईतर न्हाई म्हन. लेंगरंबिंगरं म्या बघते काय त्ये."

बावीस वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं. मी त्यांच्याकडं बघितलं. गालभर कुंकू, केस विस्कटलेले, डोळे हसून हसून लाल. माझ्या दोन बांगड्यांची एक काच त्यांच्या तळव्यात घुसली होती आणि त्या ती दुसऱ्या हाताच्या नखानं काढत माझ्या उत्तराची वाट बघत होत्या. मला त्या बाईचा एवढा लळा लागला की रडूच आलं.

"हो," मी म्हटलं. "पसंत आहे."

वैशाखात लग्न झालं. तीस वर्षं आम्ही एका घरात काढली आणि मिठापासून मोरीपर्यंत कशावरून भांडलो नाही ते सांगा. त्या गेल्या त्याला आता सहा वर्षं झाली. त्यांची फार आठवण येते.

पाहुणे जमले की आमचे हे अजून रंगवून सांगतात. "हॉटेलच्या दारात हिनं मला पाहिलं आणि तिथल्या तिथं हो म्हणाली. काय बघितलं असेल हिनं माझ्यात?" मी चहाचे कप गोळा करत असते. हॉटेलच्या दाराकडं माझी पाठ होती. ह्यांचं तोंड मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर. होकार मी सासूबाईंना दिला होता. मुलगा चांगला निघाला, तो नशिबाचा भाग.